बोटभर

यप्सिलँटीत, मार्चच्या मळक्या बर्फात
व्हर्लिन टकर एकोणसत्तरची शेव्हेल घेऊन आला.
"ब्रेक बदल. हल्ली माझा पाय पोचायच्या आत
सिग्नल पोचतो."

ड्रम काढले, डिस्क घातल्या.
डिस्क चौदा इंची चाकात मावेनात,
म्हणून चाकं सतरा इंची.
लग्नाच्या खरेदीसारखं, एकातून दुसरं.

स्टीअरिंग पूर्ण वळवलं
की टायर फेंडरच्या ओठाला घासायचा.
"ओठ आत दुमडतो," मी म्हणालो,
"पाव इंच. कोणाला कळणारही नाही."

टॉर्च घेऊन खाली शिरलो.
आत, आमच्याकडे जिला लांबी म्हणतात
त्या थरात
एक अंगठा. ओल्यातच दाबलेला, रेषांसकट.

व्हर्लिन गुडघे कुरकुरवत वाकला.
टॉर्च माझ्या हातून घेतला.
"रोलंड," म्हणाला. "माझा भाऊ.
वाळेपर्यंत धीर कधी धरलाय त्यानं?"

टायर एक नंबर अरुंद मागवले.
आठवडा गेला, वर दोनशे डॉलर.

गाडी आता म्हटलं तिथे थांबते.
अगदी तीव्र वळणावरसुद्धा
नवं रबर आणि तो अंगठा
यांच्यामध्ये
बोटभर हवा.