दाब, सोड

फैजपूर नाक्यावर, निंबाखाली,
रुबाब तडवीचं पत्र्याचं दुकान.
आत दोन बॅटऱ्या चार्जिंगला, बुडबुडे सोडत,
बाहेर चव्वेचाळीस अंशांत
माझी सत्त्याऐंशीची फियाट, बॉनेट उघडून,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.

"कधीपासून मुकी?"
थोरलीच्या लग्नापासून, म्हटलं. या आखाजीला वर्ष होईल.

वर्षभर मी हात बाहेर काढून दार थोपटत फिरलो.
सावद्याच्या बाजारात शेळ्या सरकल्या,
माणसंही सरकली, थोडी हसून.
केळीच्या ट्रकमागे मात्र
हिंगोण्यापासून हंबर्डीपर्यंत
‘आवाज दो’ वाचत गेलो.
देणार कुठून.

फ्यूज शाबूत.
रिले त्याने कानाने तपासला.
नातू लुकमान सीटच्या टोकावर,
पाय हवेत, तळवा बटणावर.
दाब.
दाबलं.
सोड.
सोडलं.
टिक. आणि पुन्हा टिक.
पुढे काही नाही.

मग टेस्ट लॅम्प निघाला: इंडिकेटरचा जुना बल्ब,
एक वायर लाल, एक कुठल्याशा रेडिओची.
लाल टोक हॉर्नच्या तारेला, दुसरं गाडीच्या अंगाला.
दाब.
अंधार.
दुसरं टोक तिथून उचलून थेट बॅटरीच्या मायनसला.
दाब.
बल्ब पेटला, एवढासा,
उन्हात ओंजळ धरून पाहावा लागला.

रुबाबने कानावरची बिडी काढली, पुन्हा ठेवली.
"करंट येऊ राह्यला, सर.
अर्थ नाही भेटू राह्यला."

तीस वर्षं आठवीच्या फळ्यावर
‘खालील ओळींचा अर्थ लिहा, गुण चार’
असं लिहिणारा मी
निंबाच्या बुडाला टेकून उभा.

"लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे.
रंग कोणी मारला?"

मीच. म्हणजे भुसावळच्या पेंटरकडून,
वरातीसाठी, दुधी, दोन हात.
गंज कुठे दिसता कामा नये म्हणून
हॉर्नची पट्टी खोलून तिच्याखालीसुद्धा.

आणि पाठवणीच्या दिवशी
स्टेशनबाहेर, ती दोघं पायऱ्या चढत असताना,
तिच्या होस्टेलच्या दारात वाजवायचो तसे
दोन छोटे, सवयीने, दाबले.
काही नाही.
तेजस्विनीने वळून पाहिलं नाही. पाहणार कशाला.
मला वाटलं, गाडीलाही कळतं.
घरी येऊन बायकोला तसं सांगितलं,
तिने डोळे पुसले,
मग आल्यागेल्याला सांगत गेलो
आणि दुरुस्तीचं राहूनच गेलं.

रंग होता फक्त.

तेरा नंबरचा पाना, पॉलिश पेपर.
दुधी भुकटी उडाली,
खाली तांबडा प्रायमर,
त्याखाली मी विसरलेला मूळचा निळा,
त्याखाली लोखंड, रुपयाएवढं,
ओल्यासारखं चमकणारं.

दाब.
आधी घोगरं, झोपेतून उठवल्यासारखं.
पाठीमागचा स्क्रू पाव फेरा.
मग दोन्ही एकदम, एक जाड, एक बारीक,
निंबावरचे कावळे उडाले, समोरचा रसवाला खेकसला,
लुकमान सोडेना.
"सोड ना रे भो!"

पन्नास रुपये घेतले. म्हणाला,
"तेवढी जागा उघडी राहू द्या.
वरून ग्रीस लावा. रंग नका लावू."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्रं आडवं होतं.
दोन छोटे दिले.
ते उठलं, गाडीकडे पाहिलं,
सावली सरकली होती तिकडे जाऊन पुन्हा पडलं.
बायको दारात आली, पिठाच्या हातांनी.
"वाजला?" म्हणाली.
मग आम्ही दोघं बराच वेळ गाडीकडे पाहत राहिलो.
आखाजीला पाहुणे येतील.
त्यांना आता काय सांगायचं
ते आमचं अजून ठरलेलं नाही.