आयत्या वेळचे विषय

शनिवारी चार वाजता, अग्निशमन दलाच्या सभागृहात,
कारण आपल्या कचेरीचं छत मार्चपासून गळतंय
आणि तो विषय क्रमांक सात आहे.
चिलोए बेटाच्या दक्षिण टोकावरचे एकूण सव्वीस शिक्षक,
ओल्या लोकरीचा वास, मधोमध शेगडी,
मागे लाल बंब, घरच्या म्हाताऱ्यासारखा
सगळं ऐकत, न बोलता.

मी चिटणीस. मी वाचते.

थकबाकी: प्रांतानं पत्र पाठवलंय
की ते पत्र पाठवणार आहेत.
(हशा. इतिवृत्तात हशा लिहीत नाहीत. मी लिहिलाय.)
जळाऊ लाकूड: मंजूर दोन गाड्या, आली एक,
तीही ओली.
ग्रासिएला कार्कामो म्हणाली, धुरात फळा दिसत नाही,
मुलं डोळे मिटून पाढे म्हणतात,
आणि खरं सांगू, आता चुकत नाहीत.

अध्यक्ष बाल्दोमेरो चष्मा पुसू लागले,
म्हणजे पुढचा मुद्दा अवघड.

युकेन बेटावरची शाळा. पटसंख्या दोन. निकष सहा.
विलीनीकरण प्रस्तावित.

ही ओळ माझीच. काल रात्री स्वयंपाकघरात,
चुलीवर बटाटे उकडत असताना लिहिलेली.
एका ओळीत मावलं म्हणून बरंही वाटलं होतं,
पान संपत आलं होतं ना.

शेवटच्या रांगेत ओतिलिओ नाउएलकीन उभा राहिला.
एकोणीस वर्षं त्या बेटावर. टोपी हातात,
बुटांखाली पाण्याचं थारोळं.
आम्हाला वाटलं, आता भाषण.
तो म्हणाला,
"दोन नाही. यासना आणि तिचा भाऊ एलिसेओ.
यासनाला भागाकार येतो. त्याला येत नाही.
पण वारा कधी फिरणार ते त्याला माझ्याआधी कळतं.
सकाळी त्यानंच बजावलंय, साडेसहाच्या आत परत निघा.
एवढं लिहून घ्या."
आणि बसला.

कोणीतरी शेगडीत लाकूड सरकवलं, उगाच.

मी 'दोन' खोडलं.
पण तो रकाना आकड्यांसाठी आखलेला, दोन बोटं रुंद,
नावं त्यात बसेनात.
यासना समासात गेली, एलिसेओ पानामागे.

ठराव: मंगळवारी निरीक्षक मोजायला येतील
तेव्हा आपण सगळ्यांनी आधीच बाकांवर बसलेलं असावं.
सूचक ग्रासिएला. अनुमोदन इतक्या जणांचं
की नोंदवता आलं नाही.
होडीत जागा बाराच. दोन फेऱ्या कराव्या लागतील.
संपाचं काय, एकानं विचारलं. बाल्दोमेरो म्हणाले,
आधी मंगळवार.

सहा वाजून दहा मिनिटं. ओतिलिओ उठला.
विषय सहा आणि सात तहकूब;
छत पुढच्या सभेपर्यंत गळेल.

वर्गणी राहिली असल्यास जाताना द्यावी,
हे मी दर वेळी वाचते आणि दर वेळी दार आधी वाजतं.
त्यानं दिली. मोठी नोट. सुटे त्याच्याकडे नव्हते,
माझ्याकडेही नव्हते, आणि वारा फिरत होता.
वहीत लिहून ठेवलं:
संघटना ओतिलिओचं देणं लागते.