चाळीस एकर

घणसोलीच्या वाचनालयात पंखा एकाच टेबलावर.
तिथं बसून वाचते:
अमेरिकेतली यादवी संपत आली,
गुलामीतून सुटलेल्यांना मिळणार होती
चाळीस एकर जमीन. जमल्यास एक खेचर.
वर्ष सरायच्या आत हुकूम फिरला,
जमीन जुन्या मालकांकडे परत.
पाच गुण. कारणे द्या.

घरी हसूकाका विचारतो, काय शिकलीस?
सांगते.
घास तसाच हातात.
कपाटात त्याची साडेबारा टक्क्यांची फाइल,
दोरा ओवून ओवून भोकं फाटलेली;
आमच्या खाचरावर काचेची इमारत,
रात्रभर तिच्यात अमेरिकेचा दिवस.

"खेचर तरी मिललं का त्यान्ना?"

काहींना, मी म्हणते.
लष्कराला नकोशी झालेली.

"म्हंजी पत्र आयलं, प्लॉट नाय,"
म्हणत तो
मासळीचा काटा ताटाच्या कडेला ठेवतो.