चार्ज देताना

बस, प्रमिला. हा पंखा कुरकुरतो, पण फिरतो.
ही कपाटाची किल्ली, हे बजावणीचं रजिस्टर,
हा डिंकाचा डबा. खळ मात्र घरून करून आण,
सरकारी डिंक पारोळ्याच्या उन्हात
चिकटण्याआधीच वाळतो.

हा पितळी बिल्ला चार्जमध्ये नाही.
माझ्या आजाचा. मामलेदार कचेरीतला पट्टेवाला,
बोरीकाठानं पायी जायचा, खांद्यावर घोंगडी.
गावात शिरला की आधी कुत्री, मग पोरं, मग पाटील.
वाचता येत नव्हतं. हुकूम पाठ करून न्यायचा
आणि डफाच्या तीन ठोक्यांनंतर
चावडीसमोर म्हणून दाखवायचा.
एकदा तारीख विसरला.
ते आमच्या घरात अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

बापाला सायकल मिळाली.
मला लूना, तीही माझ्याच पैशांची.
तुला फोन. फोटो काढ, काचेवर बोटानं सही घे,
वरून उपग्रह सांगेल तू कुठे उभी आहेस.
का उभी आहेस ते त्याला कळत नाही,
ते तू लिहायचं.

नियम पुस्तकात आहेत. मी उंबऱ्यावरचे सांगतो.
सूर्य मावळला की कोणाच्या घरात पाय नाही.
दाराला आधी हाक, मग कडी, मग पुन्हा हाक.
चहाला नको म्हण. पाण्याला नको म्हणू नकोस.
जप्तीत अंगावरचे कपडे सोडायचे, चुलीवरची भांडी, अंथरूण,
आणि बाईच्या गळ्यातलं ते, जे रीतीनं उतरवत नाहीत.
कारागिराची हत्यारंही सोडायची.

बहादरपूरला झिपरू बँडवाल्याकडे इथंच अडलो:
क्लॅरिनेट हत्यार की माल?
नाझरसाहेबांना फोन लागेना.
झिपरू म्हणाला, वाजवून दाखवू का?
अख्खी गल्ली ओट्यांवर. दोन्ही पंच डोळे मिटून.
मी पंचनाम्यात लिहिलं:
खुर्च्या सहा, जनरेटर एक, झालरीची छत्री, नादुरुस्त.
वाद्यं, हत्यारं.
कोर्टानं काही विचारलं नाही.

'तो घर नही शे.' हे रोज ऐकशील.
'कथा गया?' 'काय माहित, भो.'
(तुझ्या पावरीत 'कुठे'ला काय म्हणतात?)
आणि पडद्यामागे घासाशी थांबलेला हात,
ठेचलेल्या कांद्याचा वास.
डोकावू नकोस. दुपारी परत जा.
दाराला चिकटवायची वेळ आलीच
तर बकरीच्या तोंडापेक्षा उंच चिकटव.
मला एकदा लिहावं लागलं होतं:
बजावणी झाली, प्रत बकरीने खाल्ली.
जजसाहेब हसले नाहीत.
बकरी कोणाची, एवढंच विचारलं.

एक काम राहिलं. त्या लाल दप्तरात आहे.
कोकिळाबाई, राहणार जुनं हिवरे, मारुतीच्या पाराला लागून.
सावत्र भावांचा दावा.
गाव धरणात गेलं, पत्ता दाव्यात राहिला.
कोर्ट म्हणालं, शेवटच्या राहत्या घराच्या दाराला लावा.
मेअखेर पाणी उतरलं तेव्हा गेलो.
चिखलाला भेगा. जात्याची खालची तळी.
उंबरा होता. दार नव्हतं.
मी तिचं नाव घेतलं, तीनदा, मोठ्यानं,
आजा हुकूम म्हणायचा तसं.
एक बगळा उठला.
कागद उंबऱ्यावर ठेवला, वर दगड ठेवला.
ठेवून निघालो असतो तर तिच्या माघारी निकाल लागला असता,
कायद्यानं, बिनचूक.
दगड काढला. कागद खिशात घातला.
शेरा लिहिला: पत्त्यावर पाणी.
पाणी त्या दिवशी अर्धा कोस लांब होतं.

छत्तीस वर्षांत हीच एक खोटी नोंद.
तुला सांगतोय, कारण आता रजिस्टर तुझं.
नवा पत्ता परवाच आलाय: उधना, सुरत.
आपल्या हद्दीबाहेर.

इथे सही कर.
आधी तारीख लिही.