दोन मिनिटांत सांगा

कोट्कात डिसेंबरचे दुपारचे तीन, म्हणजे रात्रच.
यालमारी अंडी उकडायचं घड्याळ लावतो,
चष्मा नाकावर ओढून परीक्षक होतो:
"एखादा कठीण निर्णय. दोन मिनिटं."

मी सांगते. कागद गिरणी, तिसरं यंत्र,
बासष्ट माणसं, खर्चात अठरा टक्के बचत.
घड्याळ वाजायच्या आत आटपतं.
"छान. पण 'आम्ही' फार येतं," तो म्हणतो,
"त्यांना 'मी' ऐकायचंय."

पुन्हा.
मी ठरवलं, मी कळवलं, मी शिकले.
एकोणीस वर्षांत इतके मी
तोंडातून निघाले नव्हते;
नवी कवळी बसवल्यासारखी जीभ अडखळते.

खरं तर निर्णय एका शब्दाचाच होता.
सकाळच्या कॉफीपर्यंत आपण होतो,
आपलं यंत्र, आपली पाळी.
नोटिशीत मी 'आम्ही' लिहिलं
आणि बासष्ट जण त्या शब्दाबाहेर राहिले.

रेयो वाल्कामानं किल्ल्या ठेवल्या, सही केली,
दारात थांबून म्हणाला,
चौथ्या रोलरचं बेअरिंग तापतंय,
तेवढं कुणाला तरी सांगा.
यंत्र मोडीत निघणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी तरी गेले. हात ठेवला.
खरंच तापलं होतं.

"पुढचा प्रश्न," यालमारी घड्याळाला पीळ देतो,
"चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळा कशाला?"

टिकटिक सुरू.
मी तळहाताकडे बघत बसते.