एक गुण

फळ्यावर मी मुद्दाम लिहिलं :
आठवड्याचे दिवस आठ.
तेवीस माना खाली गेल्या.
कुणी तर त्याखाली पट्टीने रेघ मारली, दुहेरी.

बोटांवरचा खडू झटकत मी थांबलो.
बाहेर खिचडीला फोडणी बसली,
तरी वर्गात चूं नाही.
"बरोबर आहे का रे हे?"
"तुमीच तं लिवलं, सर,"
गौरव ढोके म्हणाला.
त्या चार शब्दांत मला
माझी अकरा वर्षांची नोकरी दिसली.

फक्त आचल खंडारेच्या वहीत
ती ओळ कोरी होती.
"काऊन नाही लिहिलं?"
"मले मोजाचं होतं."
मग तिनं बोटांवर मोजलं,
मंगळवारचा बाजार ते मंगळवारचा बाजार :
"आठ भरते सर.
पन एक मंगळवार दोनदा मोजला तं."

त्या दिवसापासून
माझी चूक धरील त्याला खिशातली बोरं.
बोरं संपली, सवय राहिली.
सूचनाफलकावरची तारीख धरली,
माझा ऱ्हस्व-दीर्घ धरला,
सव्वीस जानेवारीला सरपंचांच्या भाषणात
गावाची लोकसंख्या दोनदा बदलली
तेव्हा मागच्या रांगेतून एक हात वर आला,
आणि मुख्याध्यापकांनी
झेंड्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

आता हा चाचणीचा गठ्ठा.
प्रश्न तिसरा, एक गुण :
सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?
बावीस जणांचं 'पूर्व'.
आचलचं :
"कोन्या महिन्यात?"

आणि खाली, जागा नव्हती म्हणून समासात, आडवं :
"जूनमदी टाकीच्या मांगून निंगे.
संक्रातीले जिनिंगच्या चिमनीमांगून.
आता वापस येऊन रायला.
मी ओट्यावर कोयशानं रेघा मारल्या."

उत्तरसूचीत एकच शब्द.
लाल पेनाचं टोपण काढून ठेवलंय केव्हाचं,
शाई वाळत चालली आहे टोकावर.
मी इतकी वर्षं या गावात
रोज सकाळी सातच्या एस्टीने उतरतो,
डोळ्यांवर ऊन येतं म्हणून
हात आडवा धरतो,
कोणत्या बाजूने येतं ते
कधी पाहिलं नाही.

गुणाची चौकट तशीच सोडली.
उद्या आधी तिचा ओटा बघतो.