तिधारी

देठ चिमटीत धर आणि फिरव, म्हणाली जयवंती भोये.
सरसर फिरला तर गवत.
अडला, कडा टोचल्या, मोज: तीन.
मग तो लव्हाळा.

दापोलीच्या डिप्लोम्यात हे
मी लॅटिन नावासकट पाठ केलेलं.
चिमटीत कधी धरलं नव्हतं.

गोरेगाव पूर्व, तिसरा मजला,
पार्किंगच्या डोक्यावर तेरा गुंठे हिरवळ.
तिच्या पोटात जमीन नाही, गाड्या आहेत.
माती मुरबाडहून आली, चौदा डंपर,
आणि मातीच्या खिशात हा.

पहिल्या वर्षी काळं प्लास्टिक अंथरलं.
रुमालातून सुई निघावी तसे कोंब वर.
मग फवारा. पानं पिवळी पडली,
सेक्रेटरी खानोलकरांनी फोटो काढला,
आणि बाविसाव्या दिवशी हिरवं टोक.
मग कुदळ. कुदळीनं माळ तुटली
आणि झोपलेला एकेक मणी जागा झाला.
(हे बिल अजून माझ्या नावावर आहे.)

जयवंतीकडे एक उलथणं, दांडा वाकवलेला.
"उपटू नको. मान हातात येते, डोकं खाली राहतं."
ती देठाशेजारून उतरते:
गाठ, काळा दोरा, गाठ,
पुन्हा दोरा, वीतभर आडवा,
शेवटची गाठ येईपर्यंत कुणाशी बोलत नाही.
पंधरा दिवसांनी त्याच जागी परत.
नवं पान गाठीला जेवू घालायच्या आत.
"याला ऊन लागतं. चाफ्याखाली बघ, आहे का एक तरी?"
नव्हता.

गाठी खतात नाही टाकायच्या.
रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून
पंपघराच्या पत्र्यावर, कडकडीत वाळेपर्यंत.
दसऱ्यानंतर ती त्या घासते, मुळ्या जाळते,
जोगेश्वरीच्या काष्ठौषधीवाल्याला विकते.
नागरमोथा, उटण्यासाठी.
फवारलेल्या तुकड्यातल्या मात्र नाही.
"त्या अंगाला लावायच्या नसतात," एवढंच.

नरकचतुर्दशीला पहाटे लिफ्टमध्ये
खानोलकरांच्या ओल्या मानेला तोच वास होता.
मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो.

वार्षिक अहवालात रकाना आहे: तण निर्मूलन,
पुढे दोन चौकोन, झालं आणि नाही झालं.
मी दोन्हींच्या मधल्या फटीत लिहिलं
"चालू आहे",
आणि खाली, खर्चात:
उलथणं, नग एक,
दुकानात मिळतं तसं सरळ.
वाकवायचं तिच्याकडून.